बाबांच्या नावावरचा सिग्नल

प्रिय दादा,

परवा जेवताना तू तुझ्या लेकीला म्हणालास, "आजोबांसारखी गाडी चालवू नकोस हं! त्यांनी सिग्नल तोडून एका सायकलवाल्याचा पाय मोडला होता." सगळे हसले. तू जरा जास्तच.

म्हणून मी वाहतूक कोर्टात जाऊन तो जुना खटला शोधला. बाबांचं नाव सांगितलं, तर खिडकीतला कारकून म्हणाला, "नावानं नाही सापडत, मावशी. गाडीचा नंबर बोला." तो नंबर बाबांनी माझ्याकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता.

निकालात लिहिलं होतं, आरोपीस गुन्हा कबूल. "म्हणजे साक्षीपुरावा झालाच नाही," कारकुनानं समजावलं. "मी केलं म्हटलं की संपलं. कोण विचारत बसतंय?"

वर अपघाताची तारीख आणि वेळ होती. त्या संध्याकाळी बाबा आमच्या कॉन्व्हेंटच्या बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बसनं आले होते, कारण गाडी तू नेली होतीस. तुला ते आठवणार नाही. माझ्या बक्षिसांना तू कधी आलाच नाहीस.

त्यानंतर बाबांनी गाडीला हात लावला नाही. आणि तू वर त्यांचीच चेष्टा करतोस! किती हलका माणूस आहेस रे तू.

तुझ्या लेकीला मी उद्या सगळं सांगणार आहे. तुला मात्र हे पत्र पाठवणार नाही. वाचून तू रडशील, आणि तुझी समजूत काढायला आता बाबा नाहीत.

बाबांची,
छोटी