रंगावर आवळलेला बोल्ट

८ ऑक्टोबर
दादानं मारोतीला मारलं. मिरची बाजारात, हमालांसमोर, जॅकच्या रॉडनं. आमची पिकअप जुनी. घेतली तेव्हापासून मारोतीच ड्रायव्हर. सकाळी टाकी भरून भिवापूरला गेला, परतला तर डिझेलचा काटा शून्यावर. दसऱ्यापासून असंच चाललंय.
"तेल इकून राहिला काबे?"
"भाऊ, टाकीत काडी टाकून तं पाहा."
दादानं काडी टाकली नाही. रॉड मारोतीच्या उजव्या हातावर, कोपराखाली. हाड मोडल्याचा आवाज लहान होता.

९ ऑक्टो.
गाडी अंगणात, हातमागाच्या जुन्या खोलीसमोर. मी काडी घातली. अर्ध्याहून वर ओली. दादाला दाखवली.
"त्याच्या साळ्यानं आणून ओतलं असन."
"कालपासून टाकीला कुलूप आहे. किल्ली तुझ्याकडे."
तीच काडी तोंडावर बसली. डोळा वाचला. दिवसभर डिझेलचा वास.

१० ऑक्टो.
दवाखाना. मारोतीच्या हातात सळई घालणार. बायको, सुनीता, दारात आडवी.
"काय पाह्यले आले? दुसरा हात?"
आतून मारोती : "येऊ दे वं त्याईले." मग मला : "हाताचं जाऊ द्या, लहानभाऊ. बाजार मले चोर म्हणून राहिला. आता कोन गाडी देईन?"

१२ ऑक्टो.
सकाळपासून गाडीखाली. फ्यूज ठीक. टाकीत डिझेलवर तरंगून पातळी सांगणाऱ्या फ्लोटची वायर काढून बॉडीला टेकवली : काटा सरळ फुल्ल. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली. फ्लोट काढून हलवला, अडकत नाही. उरली फ्लोटची अर्थची वायर, चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टनं आवळलेली.
बोल्ट सोडला. खाली काळा रंग. जाड, चकचकीत.
दसऱ्याच्या पूजेआधी चासी दादाच रंगवतो. दरवर्षी बोल्टावरून ब्रश. यंदा बोल्ट काढून खालूनही. देवासमोर अर्धवट काम नको. वायर त्या रंगावरच आवळली. रंगातून करंट जात नाही. हादरा बसला की अर्थ तुटतो, काटा पडतो.
चाकूनं खरवडलं, लोखंड उघडं केलं, आवळलं. काटा अर्ध्यावर चढला. थांबला.
दादा पाहत होता. रॉडनं आधी मीटर फोडला. मग मी. बरगड्या. पडल्यावरही. वहिनीनं स्वयंपाकघराचं दार आतून लावलं.

१३ ऑक्टो.
श्वास घेताना दुखतं. खोकता येत नाही.
चासी पुन्हा काळी. बोल्टही. दादा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून धूत होता.
"दाखव आता कोनाले दाखवतं ते."

१५ ऑक्टो.
मारोतीला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. हात छातीशी बांधलेला.
"मले काहून सांगता? मी चोर नाई हे मले तं मालूमच होतं."
सुनीता : "जिथी मारलं, तिथी सांगा. त्याच हमालाईसमोर. नाईतर येऊ नोका."
तिचा भाऊ कोपऱ्यात बसून होता. कोयता दगडावर घासत होता, मी निघेपर्यंत.

१६ ऑक्टो.
आज बाजार भरतो. कपडे करून बसलो आहे. दादा दारात उभा आहे.
"कुठी चाल्ला?"
"बाजारात."
"माजं नाव घेशीन?"
"हो. रंग कोणी लावला तेही सांगीन."
"घरी वापस येऊन दाखव मंग."
बाजूला होत नाही. माझ्या चपला त्याच्या पायांशी आहेत. घ्यायला त्याच्यापुढे वाकावं लागेल.