सत्तर हजार पिढ्या

४ जून
पोचलो एकदाचे! सामान उतरवताना फुटली ती फक्त एक बरणी, तीही रिकामी. कॉलेजने दिलेलं घर दोनच खोल्यांचं आहे, पण खिडक्या मोठ्या आहेत आणि नळाला दोन्ही वेळ पाणी येतं. सासूबाईंनी घरभर फिरून दहा खोड्या काढल्या आणि मग बाह्या सरसावून फरशी पुसायला घेतली. म्हणजे घर पसंत पडलं. नवरा महिनाअखेरीस येईल. तोवर आम्ही तिघी: सासूबाई, मी आणि आमची पाच महिन्यांची चिंगी. तिच्या टाळूला नाक लावलं आणि प्रवासाचा सगळा शीण उतरला.

६ जून
कॉलेजचा पहिला दिवस. मला पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवायचंय: पेशी, सूक्ष्मजीव, उत्क्रांती. लॅबमध्ये बारा मायक्रोस्कोप आहेत, त्यातल्या सातांतून काहीतरी दिसतं. बाकीचे शोभेचे. लॅबचे शिपाई साठीचे असतील, सगळे त्यांना मामा म्हणतात. माझ्या जागी आधी जे सर होते त्यांनी सुरू केलेला एक प्रयोग मामा एकोणीस वर्षं चालवतायत, एक दिवस न चुकता! जिवाणूंचा प्रयोग. रोज सकाळी कालच्या चंबूतला एकेक थेंब तीन नव्या चंबूंत टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्या तिघांतला एक ठेवायचा, दोन उकळत्या पाण्यात ओतायचे. दिवसाला दहा पिढ्या धरल्या तर सत्तर हजार पिढ्या झाल्या. माणसाच्या तेवढ्या पिढ्या मागे गेलं तर आजच्यासारखा माणूसच सापडणार नाही. मुलांना उत्क्रांती समजवायला याहून चांगलं काय मिळणार? घबाडच हाती लागलं म्हणायचं.

९ जून
आज मामांना विचारलं, तिघांतला एक कसा निवडता? ते लाजले. सरांनी सांगितलं होतं, सर्वांत गढूळ असेल तो ठेवा. पण मामांची नजर आधीपासूनच अधू. गढूळ कुठला ते कळेना, आणि सरांना सांगायची हिंमत होईना. मग त्यांनी ज्याचा वास गोड तो ठेवायला सुरुवात केली. मी पोट धरून हसले. एकोणीस वर्षं हा माणूस शास्त्राच्या नावाखाली अत्तर बनवतोय!
मग मीही चंबूच्या तोंडचा कापसाचा बोळा काढून वास घेतला.
चिंगीची टाळू. तिच्यासारखा वास असं नाही म्हणत मी. तोच वास. मला पान्हा फुटला, भर लॅबमध्ये. ओढणी पुढे ओढून बसले. मामांना काय वास येतो ते त्यांनी हळूच सांगितलं: बायकोच्या केसांचा. ती जाऊन चौदा वर्षं झाली.

१२ जून
चंबू वर्गात नेला. निवड म्हणजे काय, फळ्यावर लिहिलं: जे टिकतं तेच वाढतं. आणि इथे टिकतं कोण? जो मामांना आवडला तो. चाळीस मुलांनी वास घेतला. एकाला त्याच्या लाडक्या, मागे वारलेल्या कुत्र्याच्या अंगाचा आला, एकीला आजीच्या उशीचा. शेवटच्या बाकावरचा दांडगट बाहीने डोळे पुसत राहिला. एकच चंबू, आणि प्रत्येकाला वेगळा वास. तास संपल्यावर एकही मूल उठेना.

१५ जून
मुलं सकाळी सातपासून लॅबच्या दारात होती. कुणाच्या हातात औषधाची बाटली, कुणाच्या हातात काचेची नळी. थोडंसं द्या म्हणाली. मी ठणकावून नाही म्हटलं. दुपारी पाहिलं तर मामा वाटत होते.
मीही एक छोटी बाटली घरी आणली आहे. अभ्यासासाठी.

१८ जून
चिंगीला वास येत नाही. म्हणजे तिच्या टाळूला. आंघोळ घालून बघितलं, न घालता बघितलं. साधं कातडं. सासूबाई म्हणाल्या, सर्दी झाली असेल तुला. सर्दी नाही. बाटलीचा वास येतो ना.
रात्रभर ती रडत होती म्हणे. मला ऐकू आलं नाही असं नाही. शेजारच्यांचं मूल रडतंय असं वाटत राहिलं.

२० जून
लिहून ठेवते, म्हणजे खोटं बोलता येणार नाही. कालपासून मी माझं दूध बाटलीत घालतेय. आतलं जिवाणूंचं पाणी त्यावर दुपटीने वाढतं. चिंगीला तोंडाशी घेतलं की दूध येत नाही, बाटलीचं बूच काढलं की धार लागते. सासूबाई तिला वरचं दूध देतात, ती ते ओकते. तिच्या बरगड्या दिसायला लागल्यात.
मला सगळं कळतंय. मीच शिकवते ना हे! एकोणीस वर्षं आपण फक्त तेच जिवंत ठेवलं, जे आपल्याला हवंहवंसं वाटलं. त्याला दात नाहीत, विष नाही. त्याला फक्त स्वतःला आवडवून घेता येतं. तेवढं त्याला पुरतं.

२२ जून
आज ब्लीच घेऊन लॅबमध्ये गेले. चंबू बेसिनवर धरला. अर्धा तास उभी होते. हात वळला नाही.
मामा मागे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, "सरांनीपण तीनदा केलं असं, मॅडम." मग सांगितलं, शेवटी सरांनी नाकात ॲसिड ओढलं. वास कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी ते चंबू ओतायला आले.
मी विचारलं, मग?
"मी ओतू दिलं नाही," मामा म्हणाले, आणि चंबू माझ्या हातातून काढून घेतला. फार हळुवार. झोपलेलं मूल घेतात तसा.

२३ जून
सासूबाईंना सगळं सांगितलं. पाय धरले. म्हटलं, चिंगीला घेऊन तुमच्या मुलाकडे जा, उद्याच. मी कितीही रडले तरी तिला माझ्याकडे देऊ नका. त्यांनी मला वेड लागलं म्हटलं नाही. म्हणाल्या, "पोरीचं मी बघते. तू आधी ती बाटली फेक."
फेकते म्हटलं.
धान्याच्या डब्यात लपवली आहे.

२४ जून, सकाळ
दहाच्या बससाठी त्या दोघी घरातून निघाल्या. चिंगीने माझं बोट धरून ठेवलं होतं, सोडवावं लागलं. डब्यातलं धान्य इकडेतिकडे झालंय. बाटली आहे जागेवर. थोडी कमी वाटते.
कमी का—

दुपार
सासूबाई परत आल्या.
दारात उभ्या. पिशवी नाही. दुपटं नाही. पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं. चिंगीच्या औषधाची बाटली, बूच लावलेली, तिच्यात ते. चेहरा असा उजळलेला, मी कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, बसमध्ये बसवेना गं. एवढंसंच नेलं होतं, वाटेत संपलं तर काय करू?
मी विचारलं, चिंगी कुठाय?
त्या बाटलीचं बूच चाचपत राहिल्या.
पुन्हा विचारलं. ओरडून.
"बाकावर," म्हणाल्या. "बसस्टँडच्या. झोपली होती. कुणीतरी घेईल गं."

त्या स्वयंपाकघरात आहेत. डबा उघडल्याचा आवाज—

बसस्टँड दहा मिनिटांवर. पळत गेले तर सात. उन्हं चढली आहेत, बाकावर सावली नाही. मी जाते आहे. चप्पल घातली आहे. दार उघडं आहे.

वास इथपर्यंत येतोय. अंगावरचे कपडे दुधाने भिजले—

जाते. चिंगी, आलेच मी. फक्त याला एवढं पाजून झालं की—