सुटली म्हण

प्रिय बाळ,

तुझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. आता ती घरी आहे, आणि तुला यातलं काही कळवायचं नाही असं तिनं बजावलंय. फोन सतत तिच्या उशाशी असतो, म्हणून कागदावर लिहितोय. शेजारच्या नर्सबाई फोटो काढून तुला पाठवतील.

साथ आली तेव्हा तू तिला फोनवर म्हणालास, काहीही होवो, दवाखान्याची पायरी चढायची नाही, माझ्या गळ्याची शपथ घे. तिनं घेतली. अरे, शपथ घालताना माणूस तरी बघावं! चौथीत आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, कविता पाठ झाल्याशिवाय बसायचं नाही. मधली सुट्टी सरली तरी ही उभीच. मी मागच्या बाकावरून हळूच ओळी पुरवत होतो. खिडकीतून ऊन तिच्या वेण्यांवर पडलं होतं... असो. सांगायचं ते राहूनच जातं.

तिच्या बेंबीजवळची ती हर्नियाची गाठ हातानं दाबली की आत जायची. ऑपरेशनची तारीख साथीपायी रद्द झाली. मग एके सकाळी गाठ आत जाईना. दगडासारखी कडक, वर उलट्या. ही म्हणते, गॅस झालाय, गरम पाणी द्या. दोन दिवस हेच! चक्कर येऊन पडली म्हणून नेता तरी आलं. शुद्धीत असती तर उंबरा ओलांडला नसता. तिथे दारातच ताप निघाला, तर रवानगी थेट साथीच्या वॉर्डात. मी कानीकपाळी ओरडतोय, अहो, पोट बघा; आणि ते बघतायत नाक! रिपोर्ट येईपर्यंत सर्जन हात लावेनात. पोट उघडलं तोवर आतड्याचा तुकडा काळा पडला होता, तो कापला. मला आत सोडेनात, म्हणून खिडकीखाली उभा राहून तीच चौथीतली कविता मोठ्यानं म्हणू लागलो. वॉचमन म्हणाला, आजोबा, कविसंमेलनं बंद आहेत सध्या.

आता टाक्यांतून पू येतोय, पुन्हा ताप चढलाय. डॉक्टर म्हणतात, आजच आणा, नाहीतर हाताबाहेर जाईल. ही जागची हलत नाही. शपथ एकदा नकळत मोडली, आता जाणूनबुजून मोडली तर लेकराला काही होईल, हे डोक्यात घेऊन बसलीय. मी विनवलं, चिडलो, रुसूनही पाहिलं. पण शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडवावी लागते, तिथे नवऱ्याचं काही चालत नाही. गाडी दारात उभी केलीय, तिच्या चपला पलंगापाशी आणून ठेवल्यात. हे वाचलंस की लगेच फोन लाव. रडू नकोस, खुशाली विचारत बसू नकोस. आधी 'सुटली' म्हण.

तुझाच, पुरता वैतागलेला,
बाबा