मोजणीत एक कमी

३ फेब्रुवारी, सोमवार

भरला गं बाई, भरला एकदाचा! शाळेचा फॉर्म. आठ दिवस लेक मागे लागली होती. शाळेत आग लागली, पाणी शिरलं, काही झालं, तर भिंगरीला न्यायला कोण येणार — त्याचा. पहिलं नाव लेकीचं. पण सूतगिरणीत पाळी सुरू झाली की हिचा फोन कुलपात. म्हणून दुसरं नाव माझं. 'मुलीशी नातं' असं होतं, तिथे मी लिहिलं — मालकीण. लेकीने खोडून आजी लिहिलं. चेष्टा कळतच नाही तिला. बापावर गेलीय.

भिंगरीला दम लागला की ओढायचा तो पंप, तोही एक जादा शाळेत द्यायचाय. पिशवीत घातला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पालकांची बैठक. पोरांच्या बाकावर बसवलं. उठताना गुडघे असे वाजले की मोठ्या बाई बोलायच्या थांबल्या!

सांगत होत्या, "घंटा सलग वाजली तर फाटकाशी गर्दी नको. मागच्या मैदानात या. ओळखपत्र दाखवा, यादीवर सही करा, मग मूल न्या."

मी विचारलं, "आणि सही राहिली तर पोरगी तुम्ही सांभाळणार का? खाते हो फार!"

सगळे हसले. लेकीने चिमटा काढला. भिंगरीच्या वर्गाच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत — चष्मेवाल्या, हाडकुळ्या, स्वतःच दहावीतल्या वाटाव्या अशा. म्हणाल्या, "आजी, सही नसली की आमच्यासाठी ते मूल आतच असतं. मग आम्ही आत शोधायला जातो."

"जाऊ नका हो, वाऱ्याने उडाल!"

आमच्या गावच्या शाळेचं छप्पर उडालं तेव्हा मास्तर सगळ्यात पुढे पळाले होते. आम्ही मागून. यादी कसली न् काय.

९ फेब्रुवारी, रविवार

घरात तालीम. भिंगरीला आईचा नंबर पाठ. मी डोक्यावरून चादर घेऊन परकी बाई झाले. "चल गं, आईने पाठवलंय, खाऊ देते."

"तू कोण? मी नाही येत!"

शाबास माझी वाघीण! मग चादर काढली. "आणि मी आले तर?"

लेक मधेच, "तरी बाईंना सांगितल्याशिवाय हलायचं नाही. दोघींनाही सांगतेय, आई."

'दोघींनाही' म्हणे! मी काय दुसरीत आहे?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेत आग लागली. सामानाच्या खोलीत. भिंगरी घरी आहे. अंगावर ओरखडा नाही.

आज पुरे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चष्मेवाल्या बाई दवाखान्यात आहेत. धूर छातीत गेला. घशात नळी घातलीय. पोरं सगळी बाहेर होती, तरी दोनदा आत गेल्या. भिंगरीला शोधायला.

लेक कामावरून आली ती चप्पल न काढताच, "आई, तू सही केलीस ना?"

"केली."

"नक्की?"

"अगं केली म्हटलं ना! आता काय अंगठा उमटवून देऊ?"

रात्री जेवली नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या बाई घरी आल्या. चौकशी लागलीय. यादीचा कागद बंबाच्या पाण्यात भिजून लगदा झाला. कोणाची सही होती, कोणाची नव्हती, काही कळत नाही.

"आजी, बाईंनी मुलगी तुमच्या हातात दिली होती?"

"हो."

"तुम्ही सही केलीत?"

"हो."

त्यांनी ते लिहून घेतलं. खाली माझी सही मागितली. दिली. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाल्या.

भिंगरी पडद्यामागे उभी होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाई शुद्धीवर आल्या. वाचतील म्हणतात. देवा!

पण नोकरी राहत नाही. मूल आजीच्या ताब्यात दिलं आणि विसरल्या, असं ठरतंय. घाबरल्या, मोजायला चुकल्या, उगाच आत शिरल्या. त्यांना बोलता येत नाही. कागदावर लिहून दाखवतात — 'मोजणीत एक कमी होती.' दुसरा कागद दिला तरी तेच. त्यांची आई उशाशी बसून ते कागद घड्या घालून ठेवते. शिंपी सांगत होता. त्याच्याकडून काजं-बटणांचं काम आणते ना मी, त्याचं दुकान शाळेला लागूनच. त्याला सगळं कळतं. आणि माझ्याकडे बघून बोलतो, की मलाच तसं वाटतं?

भिंगरीची वेणी घालताना चेष्टा केली. हसली नाही. "आजी, बाई माझ्यामुळे पडल्या आजारी?"

"नाही गं." वेणी सोडली, परत घातली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या बाईंचा निकाल. अकरा वाजता, मोठ्या बाईंच्या खोलीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंची मोजणी बरोबर होती. सही मी केलीच नाही. मैदानात रांग होती, मला दम धरवेना. मागच्या कुंपणाच्या तारेखालून पोरीला ओढलं आणि निघाले. बाईंनी तिच्या नावाने दोन हाका मारल्या — आम्ही तारेपलीकडेच होतो, दहा पावलांवर. भिंगरी ओ देणार होती. मी तिचं तोंड दाबलं.