खाडीने हद्द मोडली त्या जमिनीबद्दल

मी, हाज्जा तेन्रिसुई, मरहूम बेद्दू यांची पत्नी, वय बहात्तर, निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ, राहणार मुआरा लाम्पे, महाकाम नदीचे मुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ते हृदय, आणि त्यावरून बालिकपापानच्या डॉक्टरांनी मला पुरेसे घाबरवून झाले आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, पण घाई आहे. पुनवेच्या उधाणाला गाळ उपसायचे यंत्र तराफ्यावरून आमच्या खाडीत शिरणार आहे. त्या दिवशी माझा मुलगा राप्पे आणि माझ्या भावाचा मुलगा दाल्ले यांच्यातला एक जण जिवानिशी जाईल, अशी मला धास्ती वाटते.

१. खांबांवरचे घर, कोळंबीची दोन्ही तळी आणि होडी धर्माने राप्पेचीच आहेत, मी देणारी कोण? एवढेच सांगते की होडीच्या इंजिनाला वेळेवर तेल घाल. शिव्या घालून ते सुरू होत नाही.

२. माझ्या पलंगाखालच्या पेटीत समुद्रतळाच्या खूप खालून काढलेली दगडाची दांडकी आहेत, ती समारिंदाच्या विद्यापीठाला द्यावीत. त्यांत चिखलाचे थर दिसतात, उधाणाचे जाड आणि भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या कमी भरतीचे, बारीक. लाखो वर्षांपूर्वीची भरती-ओहोटी आहे ती. तेव्हाही हीच नदी गाळ आणत होती, समुद्र तो चाळत होता, खालचा तळ खचत होता आणि वर नवा गाळ बसत होता. त्यात गाडलेल्या पानांचा पुढे वायू झाला आणि त्यावर माझे घर चालले.

वायू कंपनीतल्या माझ्या जुन्या साहेबांना काहीही देऊ नये. त्यांनी नकाशावर जुन्या नदीची वाळू, जिच्यात वायू साठतो ती, नळासारखी सरळ समुद्रात नेली होती. मी म्हटले, नदी अशी सरळ जात नाही, गाळाने तिचे तोंड बुजते आणि ती दुसरीकडून फुटते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तेन्रिसुई, तू खाडीत वाढलीस, तुला जिकडेतिकडे खाडीच दिसते." त्यांनी सांगितले तिथे विहीर खणली आणि तळापर्यंत नुसता चिखल लागला. मी अजून त्यांना माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करायचा विचार नाही.

३. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्या बाबांनी होडीत उभे राहून हात केला होता: खाडीच्या पश्चिमेची जमीन तेन्रिसुईची, पूर्वेची माप्पाची. इथल्या चिखलात हद्दीचा दगड रोवला तर तो बुडतो, म्हणून आमच्याकडे हद्द पाण्याचीच धरतात. माप्पा माझा भाऊ, दाल्लेचा बाप. तो होता तोवर आमच्यात शब्दाने शब्द वाढला नाही. बेद्दू गेले तेव्हा त्यांना आमच्या काठावरच्या उंचवट्यावर पुरले. राप्पे तेव्हा दहा वर्षांचा होता.

मागच्या मोठ्या पुरात खाडी गाळाने बुजली आणि पाण्याने कबरीच्या मागून नवी वाट फोडली. एका पावसाळ्यात बेद्दू पलीकडे गेले. दाल्लेने कोळंबीचे तळे खणायला नव्या काठापर्यंत खुंट ठोकले आणि यंत्र मागवले, राप्पेने खुंट उपटले. परवा दोघे कबरीपाशी कोयते घेऊन उभे होते. मी होडीतून ओरडत होते, पण माझे ऐकतो कोण.

दाल्ले म्हणाला, "आजोबांनी हात खाडीकडे केला होता, आत्या. खाडी इकडे आली त्यात माझा काय गुन्हा?"

राप्पे म्हणाला, "माझ्या बापाच्या छातीवर कोळंबी पाळणार का रे तू?"

दोघांचेही खरे आहे, हेच तर माझे दुखणे.

पण दोघेही एक बघत नाहीत. नवी खाडी रुंदावते आहे आणि दर उधाणाला कबरीकडचा काठ ढासळतो आहे. भांडण कोणीही जिंको, बेद्दू समुद्रात जाणार. असे काठ कसे जातात ते मी जन्मभर दगडात पाहिले आहे, याबाबत माझ्याशी वाद घालू नये.

म्हणून जुन्या आणि नव्या खाडीमधल्या त्या पट्ट्यावर माझा जो काही हक्क असेल तो मी दाल्लेला देते. वारस नसलेल्याला मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत देण्याची धर्माची मुभा आहे आणि पट्टा त्यात बसतो, असे इमामसाहेबांनी पाहिले आहे. अट एकच. तराफा येण्याआधी राप्पे आणि दाल्ले यांनी, मजूर न लावता, बेद्दूंची हाडे काढून मशिदीमागच्या उंच जागेत न्यावीत. पाण्याचे भय असेल तर कबर हलवता येते, हेही इमामसाहेबांना विचारले आहे. राप्पेने डोक्याकडून खणावे, दाल्लेने पायांकडून.

दाल्ले, काठाची निपा ताडाची झाडे तोडू नकोस. त्यांची मुळे आहेत तोवर थोडाफार चिखल टिकेल.

राप्पे, तू म्हणशील आईने बापाला विकले. म्हण. बेद्दू गेले ते मी सोसले, पण तू तुरुंगात गेलास किंवा मातीत गेलास तर मला सोसणार नाही. मला त्या कबरीपेक्षा तू हवा आहेस. कायद्याला तुझी सही लागत नाही, मला लागते.

हे मी दोघांना समोर बसवून वाचून दाखवले.

ठिकाण: मुआरा लाम्पे
तारीख: १२ ऑक्टोबर २०१९

सही: हाज्जा तेन्रिसुई

साक्षीदार: १. इमाम साद्दिके  २. नूरहायाती, गावची दाई

वारसाची संमती, राप्पे बेद्दू:

(इमामांच्या हातची नोंद: राप्पे यांनी सही केली नाही. वाचन संपताच ते उठले आणि कुदळ घेऊन होडीत जाऊन बसले. दाल्ले यांनी दुसरी कुदळ मागितली, ती मी दिली. होडी एकच गेली आहे.)