पांढऱ्या लुगड्याचं अस्तर

१० नोव्हेंबर, रविवार

शेवटी हात घातलाच! आत्याबाई, माझ्या सासूबाई, लेकीकडे सोनाळ्याला गेल्यात, आठवडाभर तरी येत नाहीत. हीच वेळ होती. त्या घरात असल्या की त्यांच्या जुन्यापान्यातली चिंधीसुद्धा हलवता येत नाही. मला चिंधी टाकवत नाही आणि त्यांना देववत नाही — एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी!

गेल्या थंडीत फार कुडकुडल्या. बाजारचं ब्लँकेट त्यांना टोचतं. म्हणून यंदा गोधडी. वरून माझी जांभळी साडी, आत मामंजींची दोन धोतरं आणि आमच्या लेकीच्या, समताच्या, जुन्या ओढण्या. अंगाला लागणारी बाजू मात्र मऊ हवी. मग त्यांची पेटी उघडली. विहारात नेसायची पांढरी लुगडी एकावर एक ठेवलेली, सगळी सारखीच. त्यातलं सगळ्यात जुनं काढलं. इतकं विरलेलं की पलीकडची खिडकी दिसत होती. हे काही आता नेसायच्या कामाचं नाही, म्हटलं. दातानं काठ तोडला आणि टर्रकन फाडलं. चार पट्टे निघाले. सायसुद्धा इतकी मऊ नसेल.

विचारलं असतं तर "राहू दे व, कामी येईन" एवढंच ऐकायला मिळालं असतं.

१२ नोव्हेंबर

ह्यांच्या दोन शर्टांच्या कॉलरी उसवून उलट्या लावल्या. झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर. हे म्हणाले, "मलेही एखाद्या वेळी असंच उलटून शिव!"

१७ नोव्हेंबर, रविवार

कौशल्याबाई आईला सोडायला आल्या होत्या. माझ्या या नणंदेचं एक बरं आहे, आली की पदर खोचते. आईची पेटी उन्हात टाकली, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा भरून दिली. मी स्वयंपाकात होते. गोधडी मात्र उलटीपालटी करून पाहिली — "वैनी, धावदोरा पाहा ना कसा घातला, जशी पेरनीची रेघ!" मी फुगलेच.

आत्याबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. त्यांनी गोधडी हातानं चाचपली, गालाला लावली. "लय नरम हाय व, धम्मशीला."

समताचं लग्न ९ फेब्रुवारीला ठरलं. अकोल्याहून तिचा फोन होता. हॉल नांदुऱ्याचा.

६ डिसेंबर, शुक्रवार

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

सकाळी विहारात जायचं म्हणून आत्याबाईंनी पेटी उघडली. एकेक लुगडं बोटांनी चोळून पाहत होत्या. पुन्हा पुन्हा. मग हाक — "माहं लग्नाचं लुगडं कुठी हाय?"

लग्नाच्या लुगड्याची गोष्ट मला पाठ आहे. धर्मांतराला थोडी वर्षं झाली होती. गावात बौद्ध रिवाजानं लागलेलं पहिलं लग्न त्यांचं. वडील, कचरूबुवा, मलकापूरहून पांढरं लुगडं घेऊन आले तर घरच्याच म्हाताऱ्या रडल्या, "नवरीले पांढरं काऊन? ते तं रांडमुंड बाईचं लेनं!" कचरूबुवा म्हणाले, "आता आपलं हेच." आणि आत्याबाई तेच नेसून उभ्या राहिल्या. हे लुगडं समताच्या लग्नात तिच्या अंगावर घालायचं, हे त्या ती शाळेत असल्यापासून सांगत आल्यात. सगळं ऐकलेलं. पण ते लुगडं मी कधी पाहिलंच नव्हतं! माझ्या मनात ते कोरं, घडी न मोडलेलं, कागदात गुंडाळलेलं होतं. लग्नाची साडी आपण सगळ्या तशीच तर ठेवतो.

मी म्हटलं, "आत्याबाई, नवं दिसत असेल ना ते? शोधते मी."

"नवं कुठून राहीन व? तेवढं एकच धड होतं माह्यापाशी. तेच धुवाव अन् तेच नेसाव. तेच नेसून वावरात जाची, तेच घालून लेकरं निजवली. सगळ्यात इरलेलं हाय ना, तेच ते."

म्हणजे मी टर्रकन फाडलं तेच! तोंडातून निघालं, "असेल इथंच कुठंतरी." आणि आम्ही विहारात गेलो. वंदनेला सगळ्या पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया. माझं कशात लक्ष नव्हतं.

७ डिसेंबर

आत्याबाई शेजारी तानुबाईंकडे बसायला गेल्या तेवढ्यात गोधडीचा एक कोपरा उसवून पाहिला. दोरा ओढला तसं दोऱ्याबरोबर कापडच आलं. विरलेलं ते. जिथं सुई गेली तिथं भोक. आता पट्टे सुटे केले तरी जोडणार कशाला? उसवलेलं परत शिवून ठेवलं.

ह्यांना सांगितलं. हे शाळेत पोरांना रोज खरं बोलायला शिकवतात. म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे. आता सांगितलं तं घरात नुसती रडारड. मंग सांगू आपन दोघं." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून पटलं.

काटकसर, काटकसर म्हणून मिरवते मी. पण दुसऱ्याच्या पेटीला हात घालताना एक शब्द विचारला असता तर काय झिजलं असतं माझं?

१५ डिसेंबर, रविवार

फार वाईट झालं.

कौशल्याबाई लग्नाच्या पापडांसाठी मुद्दाम आल्या होत्या, त्यांची छकुलीसुद्धा. तानुबाई, आणखी चारपाच बाया. लाटणी चालू, हसणं चालू. आत्याबाई खाटेवर गोधडी पांघरून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "कौसल्या, माहं लुगडं दे व."

"कोनतं लुगडं, आई?"

"लग्नाचं. पेटी तूच आवरली. तूच मांगत होती तुह्या छकुलीसाठी. मी नाही म्हनलं तं उचलून नेलं. आपल्याच घरात चोरी?"

सगळी लाटणी थांबली. कौशल्याबाई हसल्या आधी, त्यांना गंमत वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला. "आई, मी मांगतलं होतं, तू नाही म्हनलं, मी गप बसली. पोरीची आन, मी हात नाही लावला." आत्याबाईंनी तोंड फिरवलं. छकुली आईकडे पाहत होती.

मी तिथंच, हातात लाटणं. एक वाक्य बोलायचं होतं — "आत्याबाई, ते तुमच्या अंगावरच आहे." बायांसमोर जीभ उचलली नाही. हे दाराशी उभे होते, त्यांनीही खाली पाहिलं.

कौशल्याबाई न जेवता निघाल्या. मी बसथांब्यापर्यंत मागे गेले, डबा दिला. "वैनी, तुम्हाले तरी वाटते का?" म्हणाल्या. मी नाही नाही म्हटलं, त्यांचा हात धरला. तेव्हा तर कुणीच नव्हतं आजूबाजूला! तेव्हाही नाही सांगितलं. भेकड आहे मी, दुसरा शब्द नाही.

१९ डिसेंबर

विहिरीवरच्या बायांपर्यंत गेलं. "लेकीनंच नेलं म्हने." मी बादली उचलून निघून आले.

३ जानेवारी, शुक्रवार

पत्रिका आल्या. पहिली सोनाळ्याला द्यायची म्हणून ह्यांनी फोन लावला. कौशल्याबाईंनी उचलला नाही. छकुलीनं उचलला. "मामा, मम्मी म्हनते, लग्नाले येनं जमनार नाही." आत्याशिवाय भाचीचं लग्न! समताला कळलं तर तिचा जीव किती तुटेल. लहानपणी सुट्ट्या सगळ्या तिकडेच जायच्या तिच्या.

हे चहा न घेता शाळेत गेले. आता मला म्हणत नाहीत की लग्न होऊन जाऊ दे.

समताच्या ब्लाउजांना हुका लावत बसले. तीनदा उलट्या बाजूला लागल्या.

११ जानेवारी, शनिवार

आज सांगायला गेले होते. खाटेवर बसले, त्यांचे पाय चेपायला घेतले. "आत्याबाई, एक सांगायचं होतं," इतकं बोललेसुद्धा. त्यांनी गोधडी माझ्या पायांवर ओढली. "घे व, तुलेही थंडी वाजत असंन. तुह्या हातच्या गोधडीनं औंदा हिवाळा समजलाच नाही. पोटची पोर अशी निंघाली, सून चांगली भेटली."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

दुकानातून नवं पांढरं लुगडं आणून पेटीत सरकवावं, असंही मनात येऊन गेलं. पण त्यांचे डोळे गेलेत, बोटं नाहीत. कोरं कापड त्या लगेच ओळखतील. आणि खरं सांगू, आणखी एक खोटं रचायची ताकद नाही.

१८ जानेवारी

ठरलं. उद्या सकाळी सांगते. आत्याबाईंना आधी, मग सोनाळ्याला जाऊन कौशल्याबाईंचे पाय धरते. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "मी येतो संगं." बरं वाटलं. आज जेवण घशाखाली गेलं.

१९ जानेवारी, रविवार

आत्याबाईंचा चहा झाला. मी समोर बसले, तोंड उघडलं, आणि दारात कौशल्याबाई! पहिल्या एसटीनं आल्या होत्या. आत आल्या, पिशवीतून पांढरं लुगडं काढलं, आईच्या मांडीवर ठेवलं.

"मीच नेलं होतं, आई. चुकलं माहं."

आत्याबाईंनी ते चोळून पाहिलं, तोंडाला लावलं. जुनं, मऊ, विरलेलं. "हेच! हेच हाय!" म्हणाल्या. लेकीला ओढून घेतलं, तिच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, मग दोघी रडल्या.

कौशल्याबाई माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. हळूच म्हणाल्या, "वैनी, ते माह्या सासूचं लुगडं हाय, त्याइच्या मागं तेवढंच राह्यलं होतं. आईचं कुठी गेलं कोन जाने. तिनंच कुठी ठेवलं असंन, इसरली असंन. पन पोरीच्या लग्नात तिच्या जिवाले घोर नको. आईपाशी चोर ठरली तं ठरली मी. तुम्ही मात्र कोनाले सांगू नका."

मी म्हणाले, "नाही सांगत."