लिंबाची माती

४ फेब्रुवारी, रविवार
झाडांची कार्यशाळा आपल्याच घरी! प्रार्थनागृहाचा हॉल रंगवायला काढलाय, म्हणून तिथल्या चिटणीसबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलं. "रोपवाटिकेत नोकरी करतेस, तुझ्याइतकं कोणाला कळतंय? घरातली झाडं कशी सांभाळायची ते तू दाखव. झाडांबद्दल आपल्या यहुदी धर्मात काय सांगितलंय, ते मधेमधे वाचू." दोन आठवडे हातात. बारा माणसं आणि आमची एवढीशी बैठकीची खोली.

फुगले होते मी. पण जाता जाता बाई लिंबाच्या कुंडीपाशी थबकल्या. "हे तिने लावलेलं ना? काय हात होता तिचा!"

झालं. शेजारच्या कुंडीतल्या माझ्या नेच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माहेरून मांडीवर धरून आणलाय मी तो.

५ फेब्रुवारी
लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. माझा जळफळाट होतो. ह्यांच्या पहिल्या बायकोवरून. सहा वर्षांपूर्वी तिने लिंबू लावलं, वर्षभरात ती गेली. मला या घरात येऊन तीन वर्षं झाली. जिवंत सवत परवडली — निदान भांडता तरी येतं! ही कधी जाड होत नाही, कधी चिडत नाही, हिच्या हातून दूध कधी उतू जात नाही.

ठमी, तिची लेक, शाळेतून आली की दप्तरासकट लिंबापाशी. पंधरा वर्षांची घोडी, पण एकेक पान पुसते, त्याच्याशी गप्पा मारते. माझ्याशी? "हो मावशी." "नको मावशी." संपलं.

७ फेब्रुवारी
लिंबाची कुंडी बदलली. ठमी शाळेत, हे चष्म्याच्या दुकानात. माती जुनी झाली होती, हे खरंच आहे. पण रोपवाटिकेत मी नव्या पोरींवर ओरडते — मुळांभोवतीचा मातीचा गोळा फोडायचा नाही! — आणि आज स्वतःच फोडला. मुळं बादलीत खळखळून धुतली. तिच्या हातची चिमूटभर माती ठेवली नाही. तळाशी चार काचेच्या गोट्या निघाल्या, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून घातलेल्या. ठमीच्या लहानपणच्या असणार. सगळं गोणीत भरलं आणि मागच्या दारी कचऱ्याशेजारी ठेवलं. नवी कुंडी, नवी माती.

हात धुताना चक्क गुणगुणत होते. लाज वाटली. पण थांबले नाही.

८ फेब्रुवारी
सकाळी गोणी रिकामी. कचरागाडी आज लवकर आली वाटतं. बरं झालं.

१२ फेब्रुवारी
बाई वाचायचा कागद देऊन गेल्या. कशाचाही उगाच नाश करू नये — ठाऊक आहे. फळझाड लावलं की पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही — हेही ठाऊक. त्याच्याखाली बारीक अक्षरात: झाड हलवताना मुळांशी जगण्यापुरती माती राहिली, तर जुनी वर्षं धरायची. माती गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तीनदा वाचलं. म्हणजे तिची सहा वर्षं मी एका बादलीत धुऊन टाकली! हेच हवं होतं ना मला? मग आता का टोचतंय? ठमीला कळलं तर "हो मावशी"सुद्धा म्हणायची नाही.

१३ फेब्रुवारी
लिंबाची पाच पानं गळली. ठमीने उचलली.

१८ फेब्रुवारी, रविवार
पार पडली. शेजाऱ्यांच्या खुर्च्या, जमिनीवर रद्दी, सगळ्यांचे हात चिखलाचे. एक निवृत्त पोस्टमन निवडुंगाला रोज तांब्याभर पाणी घालतात — "बिचाऱ्याला तहान लागत असेल हो!" खूप हसलो. मी छान बोलले, खरंच छान बोलले.

मग बाईंनी कागद ठमीच्या हातात दिला. ती वाचत गेली. त्या ओळीपाशी आली आणि थांबली. "मावशी, आपल्या लिंबाची माती तीच आहे ना?"

बारा तोंडं माझ्याकडे.

"हो तर! गोळा जसाच्या तसा ठेवलाय."

ठमी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग पुढचं वाचायला लागली. बाई म्हणाल्या, "आईचं झाड ते. जपायलाच हवं." सगळे उठून लिंबू बघायला गेले. आणि मला काय वाटावं? माझी कार्यशाळा, आणि मान पुन्हा तिलाच! खोटं बोलून तोंड कडू झालेलं, तरी पोटात दुखायचं राहिलं नाही. धन्य आहे माझी.

१९ फेब्रुवारी
आज सांगणार होते. नाही सांगितलं.

२१ फेब्रुवारी
लिंबू उघडंबोडकं झालंय. ते बघवेना, म्हणून नेच्याकडे वळले. तर नेचा टरारलाय! तीन वर्षं रडत होता, आता मधोमध कोवळी गुंडाळलेली पानं, एक नाही, सात. मी तर त्याला काहीच केलेलं नाही.

माती ओली आहे का बघायला बोट खुपसलं. काहीतरी टणक लागलं. उकरलं.

निळी काचेची गोटी.

२२ फेब्रुवारी
गोटी ठमीसमोर ठेवली. ती चहा गाळत होती. "त्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी खिडकीतून पाहिलं," म्हणाली. म्हणजे रविवारी विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिने माझा कप माझ्यापुढे सरकवला.

"आईची माती कुठेतरी ठेवायला हवी होती ना मावशी. तुमच्या झाडाची माती तुम्ही कधी टाकणार नाही."